निविदेआधी बोला

नवी मुंबई एका हरकतीतून जन्माला आली.

1964 साली मुंबई महापालिकेनं शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध केला आणि रिवाजाप्रमाणे लोकांकडून हरकती-सूचना मागवल्या. अशा वेळी माणूस आपल्या घरावर रस्त्याची रेघ आली आहे का एवढं बघतो, आणि आली नसेल तर नकाशाची घडी घालतो. तिघांनी तसं केलं नाही. चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता हे वास्तुरचनाकार आणि शिरीष पटेल हे सिव्हिल इंजिनिअर. त्यांची हरकत आराखड्याच्या मुळाशी असलेल्या गृहीतावरच होती. मुंबई उत्तर-दक्षिण लांबत चालली आहे, नोकऱ्या दक्षिणेच्या टोकाला, माणसं उत्तरेला, रोज सकाळी सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. ही रचना तशीच ठेवून कितीही रस्ते रुंद केले तरी हाती काही लागणार नाही. शहराची वाढ खाडीपलीकडे, मुख्य भूमीवर न्या. जून 1965 मध्ये मुल्कराज आनंद संपादक असलेल्या ‘मार्ग’ या नियतकालिकात ही मांडणी छापून आली.

त्याच 1965 सालात केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल वाहतुकीला खुला झाला. देशातला पहिला उड्डाणपूल म्हणून तो ओळखला जातो आणि त्याचे अभियंते हेच शिरीष पटेल. तिशीतला माणूस. हातात उड्डाणपुलाचं कसब, त्या कसबाला पुढची पन्नास वर्षं या देशात मागणी राहणार होती, आणि तो सांगत होता की या शहराचं दुखणं पुलांनी बरं होणार नाही. स्वतःच्या धंद्याला जे सोयीचं तेच शहराला सोयीचं असं त्यांनी मानलं नाही. डिसेंबर 2024 मध्ये नव्वदी ओलांडून ते गेले. नवी मुंबईतल्या किती इंजिनिअरिंग कॉलेजांमध्ये त्यांच्या नावाचं एखादं व्याख्यान होतं? व्हायला हवं.

हरकत फायलीत राहिली नाही. प्रा. धनंजयराव गाडगीळांच्या समितीनं 1966 साली खाडीपलीकडच्या विकासाच्या बाजूनं कौल दिला, मार्च 1970 मध्ये नवं शहर उभारण्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि हरकत घेणारे पटेल पहिली पाच वर्षं सिडकोत नियोजन आणि बांधकाम सांभाळायला बसले. कोरिया मुख्य वास्तुरचनाकार. 95 गावं, 344 चौरस किलोमीटर, वीस लाख वस्तीचं लक्ष्य. सरकारला कागदावर आकडे मांडून दाखवणाऱ्याच्या हाती सरकारनं काम सोपवलं, अशी उदाहरणं आपल्याकडे हाताच्या बोटावर मोजण्याइतकी. आपल्या शहराची सुरुवातच अशा एका उदाहरणानं झाली आहे, याची वाशी-नेरुळ-खारघरमध्ये राहणाऱ्या हजारो सिव्हिल इंजिनिअरांना आठवण करून द्यावी म्हणून हा मजकूर.

कारण आज हे इंजिनिअर गप्प आहेत.

ते कामसू आहेत, हुशार आहेत, यात वाद नाही. त्यांना विचारलं जातं ते किती दिवसांत आणि कितीला. एस्टिमेट करा, दरसूची लावा, टेंडर काढा, एमबी म्हणजे मोजमाप पुस्तक भरा, बिल काढा. ‘हे इथंच का’ आणि ‘हेच का’ हे दोन प्रश्न त्यांच्यापर्यंत येईतो सुटलेले असतात, म्हणजे कुणीतरी सोडवून टाकलेले असतात. मंत्री, सनदी अधिकारी, सल्लागार कंपनी यांच्यात ते ठरतं. मग अभियंता त्या निर्णयाला आरसीसीचा सांगाडा देतो. पुढे पाणी तुंबलं की कॅमेऱ्यासमोर उभा केला जातो तोही अभियंताच.

मुंबई आणि नवी मुंबई जोडणारा अटल सेतू घ्या. 12 जानेवारी 2024 ला सुरू झाला. 21.8 किलोमीटर, त्यातले साडेसोळा समुद्रावर, सहा पदर, आपल्याकडे एवढ्या प्रमाणावर प्रथमच वापरलेले पोलादी ऑर्थोट्रॉपिक गाळे. बांधणाऱ्यांना सलामच करायला हवा. पण त्या पुलावर रेल्वेचा रूळ नाही. खाडीपलीकडे शहर नेण्याची कल्पना कष्टकऱ्याचा रोजचा प्रवास कमी व्हावा म्हणून होती, आणि पूल उघडला तेव्हा मोटारीला एका खेपेचा टोल 250 रुपये होता. सहा पदरांवरून ताशी किती माणसं जातात आणि दोन रुळांवरून किती, हे गणित सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षातला मुलगा करतो. भरलेली एक लोकल जेवढी माणसं वाहून नेते तेवढ्यांना मोटारीतून न्यायला हजारांवर मोटारी लागतात. हे गणित चौकाचौकांत लावायला हवं होतं, आणि तेही पहिला खांब रोवण्याच्या दहा वर्षं आधी. खांब उभे राहिल्यावर रुळाची आठवण काढून उपयोग नसतो. खांब कोणत्या भारासाठी उभे केले ते आधीच ठरलेलं असतं.

सार्वजनिक धोरणात अभियंत्याची जागा कुठं, याचं माझं उत्तर हेच. निविदेच्या आधी. निविदा निघाली की तो ठेकेदाराचा किंवा खात्याचा माणूस होतो. त्याआधी तो नागरिक असतो, आणि हातात गणित असलेला नागरिक असतो.

आता पटेलांच्या पिढीला काय जमलं नाही तेही बघू.

मूळ योजनेचा कणा होता सरकारचं स्थलांतर. सचिवालय, म्हणजे आजचं मंत्रालय, खाडीपलीकडे गेलं की मागोमाग कचेऱ्या, बँका, वकील, हॉटेलं सगळं जाईल, दक्षिण मुंबईवरचा भार उतरेल. सरकारनं दुसऱ्यांना जायला सांगितलं आणि स्वतः जागचं हललं नाही. नरिमन पॉइंटला समुद्रात भराव पडत राहिला, टॉवर उठत राहिले, आणि 1981 साली नवं विधानभवन उभं राहिलं तेही तिथंच. बेलापूरला कोकण भवन आलं. कृषी उत्पन्न बाजार समितीचे (एपीएमसी) घाऊक बाजार ऐंशीच्या दशकापासून टप्प्याटप्प्यानं वाशी-तुर्भ्याला आले. कांदा-बटाट्याच्या व्यापाऱ्यांनी खाडी ओलांडली, मंत्रालयानं ओलांडली नाही. रेल्वेची गतही तीच. वाशीपर्यंत लोकल आली मे 1992 मध्ये, सिडकोच्या स्थापनेनंतर बावीस वर्षांनी, आणि तीही सिडकोनं खर्चाचा 67 टक्के भार उचलला तेव्हा. खाडीवरचा पहिला पूल सत्तरच्या दशकात झाला, त्याच्या ताणलेल्या केबलींना गंजानं पछाडलं आणि शेजारी दुसरा बांधावा लागला. लोकल येईपर्यंत एका पुलाच्या आणि बसच्या भरवशावर शहर वसवलं गेलं. योजना चुकली असं म्हणणाऱ्यांनी आधी हे सांगावं की ती अमलात कधी आणली होती.

इथं एक गोष्ट अभियंत्यांनी शिकायला हवी होती. मंत्रालय हलवणं हा मंत्रिमंडळाचा निर्णय होता. नकाशावर गोल काढून तो होणार नव्हता. त्याच्यासाठी लोकांत जावं लागतं, आमदारांशी बोलावं लागतं, वर्तमानपत्रांतून दरमहा आठवण करून द्यावी लागते की अजून एकही खातं गेलेलं नाही. एकदा लेख लिहून धोरण होत नाही. पटेल पुढं आयुष्यभर लिहीत राहिले, ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त त्यांचे दाट वस्तीवरचे निबंध आले, पण त्यांच्यामागं उभं राहणाऱ्या इंजिनिअरांची फळी काही तयार झाली नाही.

दुसरी चूक अधिक जड आहे आणि ती सांगताना शब्द सौम्य करायचं कारण नाही.

नवी मुंबईचं अर्थकारण बुद्धिमान होतं. शेतजमीन आणि मिठागरं संपादन करायची, भराव-रस्ते-गटारं-पाणी करायचं, विकसित भूखंड विकायचे, त्या पैशातून पुढचा नोड, म्हणजे पुढचं उपनगर, उभारायचा. तिजोरीवर भार नाही. जमीन हेच भांडवल. या गणितात जमिनीच्या भावाला रकाना होता, भरावाच्या मातीला होता, व्याजाला होता. त्या जमिनीवर भात पिकवणाऱ्या आणि खाडीत मासे धरणाऱ्या आगरी-कोळी माणसाला रकाना नव्हता. त्याला मोबदला मिळाला शेतीच्या भावानं, आणि त्याची जमीन विकली गेली शहराच्या भावानं. गावठाणं नव्या शहरात बेटांसारखी उरली. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात शेतकरी रस्त्यावर उतरले, पोलिसांच्या गोळ्या चालल्या, 16 आणि 17 जानेवारीला मिळून पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व त्या रक्तातून आलं. ते सिडकोच्या कुठल्याही तक्त्यातून आलं नव्हतं. त्या भूमीवर ऑक्टोबर 2025 मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं आणि दि. बां.चं नाव त्याला द्या म्हणून मोर्चे काढलेली तीच घरं तिथं आहेत.

साडेबारा टक्क्यांचा हिशेब 1970 साली करणं अशक्य होतं का? मुळीच नाही. विकसित जमिनीतली किती टक्के परत दिली तरी योजना तोट्यात जात नाही, हा साधा नफा-तोट्याचा तक्ता आहे. कुणी मांडला नाही, कारण तो मांडायला कुणी सांगितलं नाही. धोरणात उतरू इच्छिणाऱ्या अभियंत्यानं न सांगितलेला रकाना स्वतःहून घातला पाहिजे. या कामाचा अर्धा भाग हाच आहे, असं मला वाटतं.

आता पाण्याकडे येऊ. नवी मुंबईचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात कमी बोललं जाणारं धोरण जमिनीच्या पातळीत दडलं आहे.

वाशीपासून बेलापूरपर्यंत खाडीकाठचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीच्या खाली आहे. सगळीकडे उंच भराव टाकायचा तर मातीसाठी अख्खे डोंगर लागले असते, म्हणून सिडकोनं डच पद्धत घेतली. खाडीच्या बाजूनं बांध, बांधाच्या आत धारण तलाव, नाल्याच्या तोंडाशी एकाच दिशेनं उघडणाऱ्या झडपा. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबानं झडप बंद होते, त्या वेळात शहरात पडलेला पाऊस तलावात साठतो, ओहोटी लागली की झडप उघडून तो खाडीत जातो. पंप कमी, वीज कमी, निसर्गाच्या घड्याळावर चालणारी व्यवस्था. फार सुंदर अभियांत्रिकी आहे ही.

पण ती एका अटीवर चालते. तलावात जागा हवी.

हिशेब करून बघा. एक चौरस किलोमीटरच्या वस्तीवर भरतीच्या काळात 100 मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळा वाहून आला असं धरलं, तर पाणी होतं एक लाख घनमीटर. ते सामावायला पाच हेक्टरचा, दोन मीटर खोल रिकामा तलाव लागतो. त्यात एक मीटर गाळ साचला तर निम्मं पाणी तलावात, निम्मं तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला होता. तो आकडा या तलावांसमोर ठेवून बघा म्हणजे झोप उडेल.

गाळ साचला. गाळात खारफुटी रुजली. खारफुटीला कायद्याचं आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाचं संरक्षण आहे. ते असायलाच हवं, कारण खाडीकाठ खारफुटीवरच टिकून आहे. पण त्यामुळं तलावातला गाळ काढायचा तर किनारपट्टी प्राधिकरण, कांदळवन कक्ष, न्यायालय असा फेरा. महापालिका म्हणते गाळ काढू द्या, पर्यावरणवाले म्हणतात झाडं तोडू नका, आणि दोघांचंही बरोबर आहे. असा पेच शिव्यांनी सुटत नाही, आकड्यांनी सुटतो. कुठल्या तलावाची मूळ क्षमता किती, आज किती उरली, गाळ कुठल्या कोपऱ्यातून काढला तर किती झाडं जातात आणि किती घरं वाचतात, एखाद्या तलावाला खारफुटीसाठी तसंच सोडून साठवण दुसरीकडे देता येते का, पंप कुठे आणि किती अश्वशक्तीचे. हे सगळं सिव्हिल इंजिनिअरला येतं, दुसऱ्या कुणालाही येत नाही. प्रत्येक धारण तलावाची क्षमता दरवर्षी मे महिन्यात मोजून महापालिकेच्या फलकावर आणि वर्तमानपत्रात जाहीर करावी, एवढा एक नियम झाला तर पुढची निम्मी भांडणं मिटतील. तो नियम मागायला कुणी वकील जाणार नाही. अभियंत्यानं जायला हवं.

मुंबईला हेच 2005 च्या त्या पावसानंतर माधव चितळे यांच्या समितीनं करून दाखवलं. चितळे जलसंपदेतले अभियंता, केंद्रात सचिव झालेले, 1993 च्या स्टॉकहोम जल पुरस्काराचे मानकरी. त्यांच्या सत्यशोधन समितीनं नदी, नाले, भरती, पावसाची नोंद यांचा एकत्र हिशेब मांडला. मुंबईची जुनी पर्जन्यवाहिनी व्यवस्था ताशी 25 मिलिमीटर पावसासाठी आखलेली होती हा आकडा आज रिक्षावालाही सांगतो. एखादा तांत्रिक आकडा बाजारात पोचला की धोरणाला पाय फुटतात. नवी मुंबईच्या तलावांचा असा एकही आकडा लोकांच्या तोंडी नाही.

पाणीपुरवठ्यात मात्र या शहरानं वेळेवर शहाणपण दाखवलं, तेही नोंदवायला हवं. नवी मुंबई महापालिकेनं खालापूर तालुक्यातलं मोरबे धरण महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून विकत घेतलं आणि स्वतःच्या मालकीचं धरण असलेली पालिका झाली. दुसऱ्याच्या नळाखाली हंडा धरून उभं राहायचं नाही, हे धोरण. धरणात जमिनी गेलेल्यांचे प्रश्न मात्र तिथंही वर्षानुवर्षं रेंगाळले.

आता पुनर्विकास. वाशीतल्या सिडकोनं बांधलेल्या इमारतींचे स्लॅब नव्वदच्या दशकापासून कोसळत आहेत. माणसं जीव मुठीत धरून राहिली आहेत, त्यांना पक्की घरं मिळालीच पाहिजेत, यात दुमत नाही. 2015 मध्ये सरकारनं अशा इमारतींना अडीच चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय, दिला. तेव्हापासून प्रत्येक सोसायटीच्या सभेत एकच शब्द, एफएसआय. किती मिळणार, किती वाढवून घ्यायचा.

शिरीष पटेल वीस वर्षं ओरडून सांगत होते की एफएसआय गर्दी मोजत नाही. एक हेक्टर जमीन, एक एफएसआय, म्हणजे दहा हजार चौरस मीटर बांधकाम. शंभर मीटरची घरं केली तर शंभर कुटुंबं, पंचवीस मीटरची केली तर चारशे. एफएसआय तोच, माणसं चौपट. रस्ता तोच, मलवाहिनी तीच, मैदान तेच. मोजायचं तर दर हेक्टर रस्त्यावर किती माणसं येतात ते मोजा, दर हेक्टर मोकळ्या जागेवर किती ते मोजा, घरात माणशी किती जागा ते मोजा. हे तीन आकडे नसतील तर एफएसआयचा आकडा बिल्डरच्या कामाचा आहे, शहराच्या कामाचा नाही.

वाशीच्या ज्या सेक्टरात चार मजली इमारती होत्या तिथं वीस-पंचवीस मजले उठत आहेत. प्रत्येक सोसायटीचा प्रस्ताव सुटा मंजूर होतो. सुटा बघितला तर तो ठीकच दिसतो. सगळे मिळून सेक्टरातल्या सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या मलवाहिनीला किती लिटर देणार, शाळेच्या किती तुकड्या वाढणार, आगीचा बंब वळणार कुठं, हे सेक्टरवार कोण मांडणार? प्रत्येक सोसायटीत दोन-चार सिव्हिल इंजिनिअर असतातच. ते सभेत कार्पेट एरिया वाढवून मागतात. त्यांनी सेक्टरचा हिशेब मागितला पाहिजे. मी त्यांना स्पष्ट सांगतो, आपल्या घराची बाजू मांडून झाल्यावर त्याच सभेत रस्त्याची बाजू मांडणारा माणूस तुमच्याखेरीज दुसरा नसतो.

हे सगळं बोलायचं तर त्याला किंमत पडते, हेही खरं.

डॉक्टरांचा आयोग आहे, वकिलांची बार कौन्सिल आहे, वास्तुरचनाकारांना 1972 चा कायदा आणि परिषद आहे. सिव्हिल इंजिनिअरला देशपातळीवर असं काहीच नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा परवाना स्थानिक पालिका देते. ज्या पालिकेच्या आराखड्यावर त्यानं हरकत घ्यायची, तिच्याच टेबलावर त्याच्या परवान्याचं नूतनीकरण. सरकारी अभियंत्याला तर बदलीची भीती कायमची. म्हणून सही करणारे पुष्कळ आणि सही नाकारणारे थोडे. मार्च 2019 मध्ये छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल पडला, माणसं मेली. त्याआधी त्या पुलाचं स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं होतं आणि पूल किरकोळ दुरुस्तीलायक ठरला होता. ऑडिट करणाऱ्याला अटक झाली. तपासणीचा दर कुणी ठरवला, वेळ किती दिला, काम सर्वांत कमी बोलीला देण्याचं धोरण कुणाचं, हे प्रश्न अटकेपाशी थांबले. तपासणीसारखं काम सर्वांत स्वस्त माणसाला द्यायचं नसतं, हे अभियंत्यांच्या संघटनांनी सतत, एकमुखानं सांगायला हवं होतं.

एकट्यानं बोललेलेही आहेत. विजय पांढरे नाशिकच्या ‘मेटा’ या अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्थेत मुख्य अभियंता होते. 2012 साली त्यांनी राज्यकर्त्यांना पत्र लिहून सिंचन प्रकल्पांतल्या फुगवलेल्या किमती आणि निकृष्ट कामं उघड मांडली. सप्टेंबरात उपमुख्यमंत्र्यांचा राजीनामा आला, सरकारला श्वेतपत्रिका काढावी लागली, पुढं चितळेंच्याच अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमलं गेलं. पत्र लिहिणारा खात्यातलाच होता, एमबी वाचता येणारा होता, म्हणून त्या पत्राला वजन आलं. पण एखाद्या खात्याचं खरं बाहेर यायला एका माणसानं नोकरी पणाला लावावी, ही व्यवस्था म्हणून लाजिरवाणी गोष्ट आहे. कार्यकारी अभियंत्यानं प्रस्तावावर लिहिलेला वेगळा अभिप्राय फायलीत दडपायचा नाही, तो प्रस्तावाबरोबरच जाहीर करायचा, असा नियम हवा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 मध्ये स्वतःहून माहिती जाहीर करण्याची तरतूद 2005 पासून आहे. मोठ्या कामांचे सविस्तर प्रकल्प अहवाल (डीपीआर) निविदेच्या आधी लोकांपुढं ठेवायला त्यापेक्षा वेगळा कायदा लागत नाही.

15 सप्टेंबरला आपण विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार घालतो. पुण्यात शिकलेला, मुंबई इलाख्याच्या नोकरीत वाढलेला हा माणूस. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे सगळ्यांना माहीत असतात. नीरा कालव्यावर त्यांनी ब्लॉक पद्धत आणली, ते कमी जणांना ठाऊक असतं. पाणी मूठभर गावांत मुरू न देता ते वाटून कसं द्यायचं, कुठल्या पिकाला किती, हा तो आराखडा. दरवाजे लोखंडाचे होते, ब्लॉक पद्धत हे धोरण होतं, आणि शेतकऱ्यांचा विरोध झाला तो दुसऱ्या गोष्टीला. त्यांनी गावोगाव समजावून ती उतरवली. हाराबरोबर हेही आठवावं.

महापालिका स्थापन झाल्यावर तब्बल तीस वर्षांनी, ऑगस्ट 2022 मध्ये, नवी मुंबईनं स्वतःच्या पहिल्या विकास आराखड्याचा मसुदा जाहीर केला. हजारो हरकती आल्या. सिडकोच्या भूखंडांवर आरक्षणं टाकण्यावरून दोन सरकारी संस्थांची ओढाताण झाली, मैदानं आणि रुग्णालयांच्या जागा त्या ओढाताणीत हिंदकळल्या. हरकतींची सुनावणी नियोजन समितीपुढं होते, त्या समितीत नगरनियोजनातले जाणकार नेमायची सोय कायद्यातच आहे. पण समितीपुढं येणारा बहुतेक कागद ‘आमच्या भूखंडावरचं आरक्षण उठवा’ असा असतो. ‘या नोडमध्ये माणशी मोकळी जागा इतकी कमी आहे, हे घ्या मोजमाप’ असा कागद आला तर समितीला त्याचं उत्तर द्यावं लागतं.

आणि पुढची वेळ दारात आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये सरकारनं उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या 124 गावांच्या सुमारे 323 चौरस किलोमीटरवर मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाला (एमएमआरडीए) नवनगर प्राधिकरण नेमलं. कर्नाळा-साई-चिरनेर. लोक त्याला तिसरी मुंबई म्हणतात. क्षेत्र जवळजवळ नवी मुंबईएवढंच, माणसं त्याच आगरी-कराडी-कोळी-कातकरी समाजांची, खारजमिनी तशाच भरतीच्या पाण्याशी झुंजणाऱ्या. अधिसूचनेवर गावकऱ्यांनी हजारोंनी हरकती दिल्या. त्यांना 1970 आठवतं आणि 1984 तर घराघरात आठवतं. त्यांच्या हरकतीत संताप आहे, सातबारा आहे, ग्रामसभेचे ठराव आहेत. भरतीची पातळी, भरावाचे घनमीटर, खारबंदिस्तीमागं साठणारं पावसाचं पाणी, परत द्यायच्या विकसित जमिनीची टक्केवारी आणि त्यावर योजनेचा ताळेबंद, या गोष्टी त्यांना कुणीतरी मांडून द्यायला हव्या आहेत.

पनवेल आणि उरण तालुक्यांतली शेकडो मुलं गेल्या तीस वर्षांत सिव्हिलची पदवी आणि डिप्लोमा घेऊन बाहेर पडली. प्रकल्पग्रस्तांचीच मुलं. बरीचशी भरावाच्या आणि रस्त्याच्या ठेक्यांवर साइट सांभाळतात. त्यांच्याकडे लेव्हल घ्यायचं यंत्र आहे, गावच्या बांधाची आणि उघाडीची, म्हणजे बांधातून पाणी सोडायच्या दाराची, माहिती आजोबांकडून आलेली आहे. शहरातल्या जाणत्या सल्लागारांनी आणि कॉलेजातल्या प्राध्यापकांनी यांच्याबरोबर बसावं. एकेका गावाची समुद्रसपाटीपासूनची पातळी, उघाड्यांची जागा, पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत चढतं, किती कुटुंबं कशावर जगतात, एवढं नकाशावर घालून ग्रामसभेत वाचून दाखवावं आणि सरपंचाच्या सहीनं प्राधिकरणाला पोच घेऊन द्यावं. आराखड्याचा मसुदा छापून येण्याची वाट बघू नये. तो छापून येईल तेव्हा त्यातले रस्ते कुठल्या तरी संगणकावर आधीच आखून झालेले असतील.